अर्ध्या सेंटीमीटरची बाई

माझ्या हातचं काही बिघडलंय असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे नारिनच्या हवामान कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून साहेबांनी, तिन्चतिक बाइकेंनी, आधीच सांगून टाकलं, "तुझ्या एलेकला कुणी नावं ठेवत नाहीये, मीरगुल. बिघडलीय ती कारा-बेलची म्हातारी."

एलेक म्हणजे चाळणी. डोंगरातल्या बारा ठाण्यांवरून फोनवर संदेशातून येणारे बर्फाचे आकडे गोळा करून तक्त्यासाठी ओळी लावून देणारा हा प्रोग्राम मी एकटीनं लिहिला होता. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप करायची, की सगळा जिल्हा रांगेत उभा. यंदा हिमकडे कोसळण्याचे इशारे त्यावरूनच निघत होते. अकरा ठाणी सरळ होती. कारा-बेल खिंडीतलं बारावं मात्र वरचेवर वेडंवाकडं. बर्फ हातभर, आणि त्यात पाणी म्हणे पाच मिलिमीटर.

"तिला दिसत नाही आता," बाइके म्हणाले. "तिला कामावरून काढायच्या पत्रावर सोमवारी सही करतो. तू जा, वही घेऊन ये, आणि ठाण्याचं घर रिकामं करायचंय हे तिला गोड शब्दांत सांग. तुझ्या शब्दांत नको."

ही म्हातारी म्हणजे असिलकान एजे; थोरल्या पुरुषाला जसं बाइके, तसं थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. त्या एकतीस वर्षं त्या खिंडीत आहेत. नवऱ्याला तिथेच माती दिली, मुलं बिश्केकला गेली, त्या हलल्या नाहीत. मी पोचले तशी त्यांनी चहा ओतला, कुरुतची, सुक्या दह्याच्या गोळ्यांची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, "मला काढायला आलीस ना, पोरी?"

मी एक कुरुत तोंडात टाकला. तेवढंच बोलायचं टळलं.

"दुपारचं मोजमाप होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग काढ."

बाहेर वारा नुसता कापत होता. बर्फात रोवलेल्या काठीसमोर एजेंनी गुडघे टेकले, गाल जवळजवळ बर्फाला लावला आणि रेघ वाचली. मग नळा खुपसून बर्फ काढला आणि त्यात पाणी किती ते कळायला त्याचं वजन केलं. घरात आल्यावर वहीत लिहिलं, एक्केचाळीस आणि अर्धा.

"एवढ्याशा अर्ध्यासाठी गुडघे कशाला मोडता, एजे? बाकीचे उभ्या उभ्या बघतात."

"उभ्यानं पूर्णच आकडा दिसतो. बर्फ काही माझ्या सोयीनं पडत नाही."

मी वही जवळ ओढली आणि तो आकडा पुन्हा वाचला. आमच्याकडे अर्धा लिहितात तो स्वल्पविराम देऊन: एक्केचाळीस, स्वल्पविराम, पाच. आणि माझी एलेक एक आकडा दुसऱ्यापासून तोडायला काय वापरत होती? स्वल्पविरामच. एजेंचे एक्केचाळीस बर्फाच्या घरात, उरलेले पाच पाण्याच्या घरात, आणि खरं पाणी पार वाऱ्याच्या घरात जाऊन बसलेलं. मी प्रोग्राम शिकले ती पुस्तकं परदेशी, तिथे अर्ध्याला टिंब देतात. चाचणीला मी जवळच्या ठाण्यांचे आकडे घेतले होते, आणि त्यांत अर्धा औषधालाही नव्हता. याच मातीत जन्मून मी ही चूक केली होती. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

लॅपटॉप उघडून मी तिथेच चुलीशेजारी बसले. दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम देण्याची सोय एलेकमध्ये घातली. मोजून सात ओळी लागल्या. मग सगळा हिवाळा पुन्हा चाळला. कारा-बेलच्या ओळी खालपर्यंत सुतासारख्या सरळ आल्या.

"एजे, तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

"आधी चहा पी, निवतोय," त्या म्हणाल्या. कसला धीर त्या बाईला, मला तर रडूच आलं.

मी साहेबांना फोन लावला आणि एजेंनाही ऐकू जाईल असा मधे ठेवला. "बाइके, म्हातारी धडधाकट आहे. एलेक बिघडली होती. नवा तक्ता पाठवलाय, उघडा."

पलीकडे कळफलक वाजला. मग ते म्हणाले, "जागच्या जागी आहे सगळं. पण मीरगुल, बाकी अकरा ठाण्यांवर अख्ख्या हिवाळ्यात एकही अर्धा नाही?"

"नाही. बारा जणांत बर्फ मोजणारी एकच आहे. बाकीचे नुसते बघून येतात."

"एजे, ऐकताय का?" बाइकेंचा आवाज उतरला. "ते पत्र मी आत्ता फाडतो."

"फाडू नकोस, तिन्चतिक. सरकारी कागद आहे, वाया कशाला घालवतोस?" एजे म्हणाल्या. "त्याच्या कोऱ्या बाजूला त्या अकरा जणांना लिही. या महिन्यात एकेकानं इथे यायचं. काठी कशी वाचतात ते शिकवते. आणि यादीत पहिलं नाव या पोरीचं घाल."

"हो, एजे," बाइके म्हणाले.

मी वाद घातला नाही. माझ्या नावाचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.