दहाव्याचा फोटो

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये कावळ्यांना काय तोटा? संध्याकाळ झाली की आभाळ काळं करत येतात मेले. पण सुमित्राकाकूंच्या दहाव्याचा पिंड मागच्या अंगणातल्या टेबलावर ठेवला, तर एकही खाली उतरेना. तिघं कुंपणावर बसून माना तिरक्या करून नुसते बघत होते.

राजारामकाकांचा जीव टांगणीला लागला. काका रिटायर्ड इंजिनिअर, एरवी असल्या गोष्टींना हसणारे. पण जन्मभर संसार केलेली बायको काहीतरी मनात ठेवून गेली, या विचाराने ते पुन्हा पुन्हा कुंपणाकडे बघत होते.

"काही इच्छा राहिली असेल तर कबूल करा," गुरुजी म्हणाले.

काकांनी हात जोडले. "सुमित्रा, गोळ्या वेळेवर घेईन. अंतराला एकटं पाडणार नाही. तुझी तुळस थंडीत घरात आणीन."

कावळे ढिम्म.

"आई, मी दर वीकेंडला बाबांकडे येईन, प्रॉमिस," लेक अंतरा म्हणाली. तरी ढिम्मच.

आता काकांबद्दल एक सांगायलाच हवं. या माणसाला फोटोंचं भारी वेड. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढाच्या गल्ल्या, शिकागोच्या इमारती, फुटपाथवर सॅक्सोफोन वाजवणारा म्हातारा, यलोस्टोनचे गवे, सगळी अमेरिका त्यांनी कॅमेऱ्यातूनच पाहिली. काकू मागे पिशव्या सांभाळत उभ्या, हातातली कॉफी गार. "अहो, कॅमेरा खाली ठेवा आणि जरा माझ्याबरोबर बघा की," असं त्या प्रत्येक ट्रिपला म्हणायच्या. काका म्हणायचे, "एकच मिनिट." ते मिनिट कधी संपलं नाही.

आणि आज? आजही स्वारी तशीच. नागपूरच्या मेहुणीने, शरयूने, फोनवर बजावलं होतं, "भावोजी, कावळा शिवला की फोटो पाठवा, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल." झालं, एवढं निमित्त पुरलं. काकांनी ट्रायपॉड लावून ती हातभर लांब लेन्स पिंडावर रोखली होती. हात जोडायचे आणि लगेच डोळा कॅमेऱ्याला लावायचा, असं चाललं होतं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. काकांचा चेहरा उतरला.

"बाबा, ते तुमच्या लेन्सकडे बघतायत," अंतरा म्हणाली. "घाबरलेत ते. प्लीज, कॅमेरा खाली ठेवा."

काका चमकले. शब्द तेच आणि आवाज थेट तिच्या आईचा. त्यांनी ट्रायपॉड मिटला, लेन्सवर झाकण लावलं, कॅमेरा घरात नेऊन ठेवला आणि रिकाम्या हातांनी परत येऊन उभे राहिले.

"ठेवला गं," ते हळूच म्हणाले. "आता तुझ्याबरोबर बघतो."

कुंपणावरचा एक कावळा उडाला, टेबलावर उतरला, दोन पावलं नाचला आणि त्याने पिंडात चोच घातली. मागोमाग बाकीचे दोघंही आले. गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. काका तिथेच गवतावर बसले आणि पोटभर रडले. छातीवरचा धोंडा उतरला होता. रडता रडता त्यांना हसूही येत होतं.

थोड्या वेळाने शरयूचा फोन आला. "शिवला का हो, भावोजी? फोटो?"

"शिवला. फोटो नाही काढला," काका म्हणाले. "आम्ही दोघांनी मिळून बघितला."