मुकादमाची खूण

पडदा दोन बोटं सरकवून ती उभी राहिली. गॅलरीत तिचा नवरा, समोरच्या खिडकीत ती बाई. दोघंही पूर्वी एकाच कापडगिरणीत कामाला. तोंडातून शब्द नाही, नुसते हात. नवऱ्याने खांद्यावर दोन बोटं टेकवली, मग छातीवरून तळवा हळूच फिरवला. समोरचीने मनगट वळवून काहीतरी विचारलं. त्याने चार बोटं वर केली. तशी समोरचीने तोंडावर हात ठेवला.

"लाजली मेली," ती पुटपुटली. चार वाजता भेटायचं, दुसरं काय! साठी उलटली तरी थेरं संपेनात.

चार वाजता ती दाराला खुर्ची लावून बसली. नवरा आत खुशाल घोरत होता. घोरण्याचं सोंग काय कुणालाही येतं, असं म्हणत ती सहापर्यंत हलली नाही.

संध्याकाळी थोरला भाऊ आला. तोही त्याच गिरणीतला.

"दादा, खांद्यावर दोन बोटं म्हणजे काय रे?"

"मुकादम! मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं हातांनी. आता तुझ्या नवऱ्याचा मुकादम म्हणजे तूच की गं!" दादा खो खो हसला.

म्हणजे मी आले की एकमेकांना सावध करतात! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि हे?" तिने छातीवरून तळवा फिरवला.

"सूत विरलंय. तुटणार."

"आणि हे?" तिने मनगट वळवलं.

"किती टिकेल, असं विचारायचं. मग समोरचा बोटांनी सांगणार." दादाचं हसू मावळलं. "कुणाला बघितलंस असं करताना?"

सोमवारी तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी तिलाच बाहेर बसवलं होतं. नवरा बऱ्याच वेळाने आला, चष्मा पुसत. "काही नाही, रक्त कमी आहे तुझं," म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्याशी न थांबता सरळ गॅलरीत गेली. तो दचकून वळला. तिने स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, छातीवरून तळवा फिरवला आणि मनगट वळवून त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चहा टाकू का गं तुला?" तो म्हणाला.

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.