नाउमे आजीची चाल

नफ्ताली मफाबीने शुक्रवारच्या प्रार्थनेला चाल लावली ती कॉफीची फळं तोडता तोडता, आणि ती झकास झाली आहे हे त्याला टोपली भरायच्या आतच कळलं. आता ती गावातल्या यहुद्यांच्या सिनेगॉगात गायली जावी आणि लोकांनी म्हणावं की ही नफ्तालीची चाल, एवढीच त्याची इच्छा होती.

अडचण योकोयासीकाकांची होती. एम्बाले शहराजवळच्या त्यांच्या टेकडीवर सिनेगॉगात काय गायचं आणि काय नाही, हे तेच ठरवत. नवीन काही आलं की ते टोपी काढून डोकं खाजवत, टोपी परत घालत आणि विचारत, "कोणाची आहे?"

"माझी."

"मग तुझ्या घरी गा."

"अहो पण ऐका तरी."

"ऐकली. आता ती घरीच ठेव."

असं बरेच शुक्रवार चाललं. शेवटी वैतागून नफ्ताली म्हणाला, "चुकलो काका. चाल माझी नाही. नाउमे आजी गायची."

हे धाडसच होतं. नाउमे आजी बाकी सगळ्या बाबतींत थोर बाई होती, पण ती गायला लागली की खुंटीला बांधलेल्या शेळ्या खुंटी घेऊन जात. काकांनीच तिला एकदा हात जोडून सांगितलं होतं, "वहिनी, तुम्ही मनात गात जा. देवाला तेही ऐकू जातं." ती वारली तेव्हा नफ्ताली लहान होता, पण हे त्याला चांगलं आठवत होतं.

काकांनी टोपी काढली. डोकं मात्र खाजवलं नाही.

"गा परत."

नफ्ताली गायला.

"हीच," काका म्हणाले. "अमीनच्या राजवटीत प्रार्थनेला बंदी होती, तेव्हा केळीच्या बागेत लपून आम्ही हीच गायचो. काय आवाज होता वहिनींचा! पण तू तिसरी ओळ चुकतोयस. वर काय चढतोस? तिथे ती खाली यायची."

हुकूमशहा अमीनच्या काळात सगळे इतकं दबक्या आवाजात गात की शेजारी बसलेल्यालाही चाल कळत नसे. त्यामुळे त्या काळातली म्हणून सांगितलेली कुठलीही चाल आजपर्यंत कुणाला नाकारता आलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी सिनेगॉग नफ्तालीच्या चालीवर डोलला, तिसरी ओळ खाली घेऊन. त्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत ती सगळ्यांना लहानपणापासून येत होती. प्रार्थनेच्या टोप्या विणणारी नांदुदू डोळे पुसत म्हणाली, "मला तर नाउमे आजीने हीच म्हणून झोपवलंय." नांदुदूचं लहानपण दोन डोंगर पलीकडे गेलं होतं. पण चाल गायली जात होती. निम्मी इच्छा पुरी झाली होती.

उरलेली निम्मी मिर्ता घेऊन आली. मिर्ता ब्युनोस आयरिसची. देशोदेशीचे यहुदी आज काय गातात ते गोळा करत हिंडायची आणि गाण्याखाली ते रचणाऱ्याचं नाव घालायची, फोटोसकट. तिच्या माइकला केसाळ टोपडं होतं. काकांना वाटलं की अर्जेंटिनात टोप्या अशाच असतात, आणि त्यांनी माइकला आदराने नमस्कार केला.

गुरुवारी दुपारी ढोलासकट गाणं झालं. मिर्ताने कानावरचे हेडफोन काढले. ती हेलावून गेली होती.

"ही चाल कोणाची?"

"नाउमे आजीची!" सगळे एकदम म्हणाले.

नफ्तालीच्या डोळ्यांसमोर तो फोटो उभा राहिला. त्यात त्याने निळा शर्ट घातला होता.

"माझी," तो म्हणाला.

ढोलावरचा हात थांबला.

"काय म्हणालास?" काकांनी विचारलं.

"चाल माझी आहे. मी लावली. आजीची म्हटल्याशिवाय तुम्ही ऐकत नव्हता म्हणून मी तसं सांगितलं."

"पाहुणी काय आली, पोरगा आजीच्या मढ्यावरची चादर ओढायला लागला!" नांदुदू म्हणाली.

"अगं मावशी, आजीला गाता तरी येत होतं का?"

हे ऐकून सगळ्यांनी असा श्वास आत घेतला की मिर्ताच्या यंत्रावरचा काटा हलला.

नफ्तालीने पुरावा काढला. त्याच्या फोनची घंटी. चालीची दुसरी ओळ त्याने तिच्यावरूनच उचलली होती. त्याने ती सगळ्यांना वाजवून दाखवली. "हा फोन गेल्या वर्षीचा आहे. आजीला जाऊन किती वर्षं झाली? सांगा आता."

काकांनी घंटी दोनदा ऐकली, मान हलवत.

"मग फोनवाल्यांनी पण तिचीच चोरली," ते म्हणाले. "चीनपर्यंत पोचली म्हणजे वहिनी."

खटला तिथेच संपला. निकालही काकांनीच सांगितला. मेलेल्या माणसाचा अपराध केला असेल तर दहा जण बरोबर घेऊन थडग्याशी जायचं आणि त्यांच्यादेखत क्षमा मागायची, अशी रीतच आहे. शुक्रवार स्वयंपाकाचा, शनिवार शब्बाथच्या विश्रांतीचा, म्हणून रविवार ठरला.

"आणि नाही मागितली तर?" नफ्तालीने विचारलं.

"तर चाल राहील," काका म्हणाले. "तू घरी राहा."

रविवारी सकाळी नऊच जण आले. दहावा म्हणून मिर्ताला मोजलं. ती माइक घेऊनच आली, आणि तो कोणी मोजू नये म्हणून काकांनी त्याला थोडं लांब उभं करायला लावलं. नफ्तालीने निळा शर्ट घातला होता, कारण दुसरा वाळला नव्हता.

आजीचं थडगं कॉफीच्या झाडांच्या कडेला होतं. नफ्तालीने रीतीप्रमाणे त्यावर खडा ठेवला. आदल्या दोन रात्री त्याने फार विचार केला होता आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, की क्षमा मागण्यासारखं खरंच काहीतरी होतं.

"आजी, मी तुझ्याबद्दल खोटं बोललो," तो म्हणाला. "क्षमा कर."

"तीनदा म्हण," काका म्हणाले.

तो तीनदा म्हणाला. कुठलं खोटं, ते त्याने सांगितलं नाही. आजीला ते माहीत होतं.

"शाबास," काका म्हणाले. नांदुदूने त्याला जवळ घेतलं आणि उकडलेलं कणीस दिलं. मग थडग्याभोवती उभं राहून सगळ्यांनी ती चाल गायली. तिसऱ्या ओळीला दहा आवाज एकदम खाली उतरले, आणि नफ्तालीच्या अंगावर काटा आला. ती ओळ तिथे खालीच यायला हवी होती. त्याने वर नेली होती ती चूक होती. हे काकांना कसं कळलं, याचा विचार करत त्याने कणीस खाल्लं.

मिर्ताने तेच गाणं आपल्या संग्रहात घेतलं. खाली नाव घातलं: नाउमे नांबोझो. फोटोही दिला गेला. त्यात आजी तोंड घट्ट मिटून बसली आहे, कारण तो सिनेगॉगात काढला होता.

मिर्ता गेली. पुढे एके दिवशी नफ्ताली कॉफीची फळं तोडत असताना काका आले. इकडे तिकडे बघून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि झाडाशी बोलल्यासारखं हळू आवाजात काहीतरी गुणगुणले. चाल नवी होती. चांगली होती.

"कोणाची?" नफ्तालीने विचारलं.

काका बराच वेळ टोपी फिरवत राहिले.

"माझ्याकडच्या आज्या, काकवा, मावश्या सगळ्या संपल्या रे," ते म्हणाले. "आत्तापर्यंत प्रत्येकीच्या नावावर दोन-दोन तरी घातल्यात. वहिनींचं मात्र मला कधी सुचलंच नाही, त्या गायच्या तशा म्हणून. त्यांच्या नावावर अजून एक खपेल का?"

नफ्तालीने टोपली खाली ठेवली. डोळे मिटले.

"गा परत," तो म्हणाला.

काका गायले.

"हीच," नफ्ताली म्हणाला. "आजी चुलीपाशी हीच म्हणायची. पण काका, शेवटची ओळ तुम्ही चुकताय."