पिवळ्या फडक्याखालचा लाल दिवा

आमच्या भूपेंद्रला एक वाईट खोड आहे. घरी कुणीही येवो, चहाचा कप हातात पडायच्या आत हा त्याला अंगणात नेऊन गाडी दाखवतो. "तीन लाख किलोमीटरच्या वर चालली, भिया. इंजन अजून मक्खन." पाहुणा मान हलवतो, तर दार उघडून त्याला काट्याखालचा आकडा वाचायला लावतो. पोटच्या पोरीचा शाळेतला निकाल त्याने असा कधी कुणाला दाखवला नाही. वर म्हणायचं काय, तर लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही म्हणून त्यांचे ब्रेक झिजतात, आपला पाय हलका आहे. हलका पाय! हा जिना उतरला की शेजाऱ्यांच्या फळीवरची भांडी वाजतात.

गाडी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण दिवाळीपासून ती ब्रेक दाबला की किंचाळायची. गल्लीतली कुत्री उठून बसायची. मी म्हटलं, "भूपेंद्र, मिस्त्रीला दाखव."

"धूळ आहे, आई. टेंशन मत लो."

मग एक दिवस किंचाळणं बंद झालं. तो खूश. मला मात्र ते गप्प बसणं आवडलं नाही. कारण थोड्याच दिवसांत खालून घरघर यायला लागली, जात्यात खडा आला की येते तशी. लोखंड लोखंडाला खात होतं. मी दुसरीही शिकले नाही, पण एवढं कान असलेल्या कुणालाही कळतं.

माघात माझे धाकटे दीर भगवंतराव यांच्या मुलाचं लग्न निघालं, कुक्षीला. आमच्या घराण्याचा खंडोबाचा टाक थोरल्या घरी, म्हणजे देवासला आमच्याकडे असतो. कुणाच्याही घरी लग्न निघालं की तो चांदीचा टाक तिथे न्यायचा, तो पोहोचल्याशिवाय देवक बसत नाही, हळद लागत नाही. देव गाडीत पुढे बसतो. आणि एकदा बसवला की मुक्काम येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळी बैलगाडी होती, तेव्हाही हाच नेम.

त्या दिवशी देव भूपेंद्रनेच बसवला. एरवी पूजेला बोलावलं तर याला कामं सुचतात. आज आंघोळ करून, भंडारा लावून हजर. स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या वर लाकडी डबी ठेवली, चिकटपट्टीने पक्की केली, आणि वरून पिवळं फडकं असं सोडलं की काटे, आकडे सगळे झाकले गेले.

"अरे, दिसणार कसं तुला?" मी विचारलं.

"रस्ता बाहेर असतो, आई."

मी त्याच्या शेजारी बसले. मागे सून अल्पना, तिला सातवा महिना, आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून नात गुड्डी. इंदूर गेलं, धार गेलं. धारला चहाला थांबलो तेव्हा एक ओळखीचा भेटला. गाडीभोवती फिरून म्हणाला, "भूपेंद्र भिया, अजून हीच? किती झाले?"

"झाले असतील," एवढंच म्हणून हा आत बसला.

ज्याने परक्यालाही तो आकडा वाचायला लावला, त्याने आज फडक्याचा कोपरासुद्धा उचलला नाही.

धार सोडल्यावर मी त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि पायाकडे बघायला लागले. ब्रेक एकदा दाबून भागत नव्हतं. तो पंपासारखा दाबत होता, पुन्हा, पुन्हा, तेव्हा कुठे गाडी जड व्हायची. पुढे म्हशी रस्त्यावर आल्या. पाय पार खाली गेला. गाडी थांबली नाही. घरघर करत सरकतच राहिली. त्याने गियर टाकला, हाताचा ब्रेक ओढला आणि शेवटच्या म्हशीच्या शेपटीशी आम्ही थांबलो. खिडकीतून जळकट वास आला.

अल्पना दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, पुढे घाट आहे ना?"

आहे. माळवा तिथे संपतो आणि रस्ता निमाडात उतरतो. वळणावर वळण, आणि एका बाजूला काही नाही.

"गरम झाले असतील ब्रेक," भूपेंद्र म्हणाला. पण त्याच्या मानेवरून घाम उतरत होता, माघाच्या थंडीत.

मी हात पुढे केला.

"आई! देवाला हात लावू नको. मुक्काम आलेला नाही. तूच सांगतेस ना?"

मीच सांगते. साऱ्या आयुष्यात मी तो नेम मोडला नव्हता. मनात म्हटलं, देवा, क्षमा कर, आणि फडकं वर केलं.

काट्यांच्या मधोमध लाल दिवा पेटलेला होता. वाचता येत नसलं तरी लाल मला कळतं.

"हाताचा ब्रेक ओढलाय म्हणून लागलाय," तो म्हणाला.

"मग सोड तो."

त्याने सोडला. दिवा तसाच.

"कधीपासून?"

त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला. मग म्हणाला, "मिस्त्री म्हणाला होता, पॅड संपलेत, चकती खाल्ली जातेय, तेल उतरलंय. गाडी ठेवून जा म्हणाला. मी म्हटलं लग्नानंतर. आई, आख्ख्या बिरादरीला सांगून बसलोय की मी याच गाडीने देव आणणार. भाड्याच्या गाडीतून उतरलो असतो तर हसले असते सगळे."

"म्हणून देवाला दिव्यावर बसवलास."

मागून अल्पनाचा हुंदका ऐकू आला. तिलाही ठाऊक नव्हतं.

बैलाच्या चालीने गाडी घाटाच्या तोंडाशी असलेल्या ढाब्यापर्यंत आणवली. चाकाखाली दगड लावायला लावले. मी डबी सोडवली, छातीशी धरली आणि सून-नातीला घेऊन खाटेवर बसले. भगवंतरावांना फोन लावला, तिकडून गाडी पाठवा, हळद थांबवा. खालच्या वळणावरून कुठल्याशा ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास वर येत होता. गुड्डीने नाकाला ओढणी लावली.

भूपेंद्र दगड काढायला वाकला. "तुम्ही बसा इथे. मी एकटा उतरवून नेतो, गियरमध्ये. सगळे ड्रायव्हर उतरवतात."

मी उठले आणि गाडीतून किल्ली काढून कमरेला खोचली.

"आई, दे. लोक बघतायत."

"बघू देत. सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलते, भूपेंद्र. झिजली ती गाडी, तिला मी काही म्हणत नाही. पण पोटुशी बायको मागे बसवून तू घाटाकडे निघालास, आणि तुला माहीत होतं. आजपासून या घरातली बाई, लेकरू आणि देव तुझ्या हाताखालच्या गाडीत बसणार नाहीत. मी जिवंत असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावर मला खांद्यावरून न्यायचं, तुझ्या गाडीतून नाही."