ऑडेट दाराबाहेर पडते

दुपारचं जेवण आटोपलं की ऑरिन प्रूइट आपल्या खुर्चीत बसायचा, पाय स्टुलावर टाकायचा आणि म्हणायचा, "हं, लाव." मग व्हर्नाने हातातलं काम असेल तिथे टाकून टीव्हीसमोर यायचं, कॅसेट आत सरकवायची आणि बोलायला लागायचं. ग्लेनडेलमधल्या त्या बैठ्या घरात दुपारी दुसरं काही घडतच नसे. ऑरिनचे डोळे जाऊन काही वर्षं झाली होती, आणि मूकपटात कानाला मिळणार काय? कुणीतरी मागाहून भरलेला पियानो. बाकी सगळा सिनेमा व्हर्नाच्या तोंडून.

सिनेमे तरी कुणाकुणाचे? एकीचेच. मूकपटांतली नटी ऑडेट केल. बेकर्सफील्डच्या थिएटरात लहानपणी ऑरिनने तिला पाहिलं आणि गडी तिथेच कामातून गेला. पुढे तो हॉलिवुडात पोस्टमन झाला, तोही व्हर्नाच्या मते त्याच कारणाने. एकदा ऑडेटच्या दारात पार्सल द्यायची वेळ आली. तिने स्वतः दार उघडलं आणि म्हणाली, "उकडतंय ना आज." एवढ्या भांडवलावर त्याने उरलेला जन्म काढला. लग्नाच्या मेजवानीतसुद्धा तो पाहुण्यांना हेच सांगत होता आणि नवरी शेजारी बसून मुकाट्याने केक खात होती.

डोळे गेल्यावर मात्र त्या नवरीचं मोल वाढलं. व्हर्नाने जन्मभर एका मोठ्या दुकानात बायकांचे झगे उसवून, आवळून, सैल करून दिले होते. तिची नजर कापडावर पडायची ती शिवणीपर्यंत पोचायची. "जॉर्जेट आहे, तिरपा कापलेला, म्हणून कमरेवरून असा सळसळत उतरतोय. डाव्या खांद्यावर मण्यांचं काम. आता वळली. पाठ उघडी आहे." ऑरिन डोळे मिटून ऐकायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर काय ते समाधान पसरायचं! व्हर्ना एकदा तापाने आडवी झाली तेव्हा त्याचा मित्र लेस्टर क्रूम सांगायला बसला होता. "तिने, म्हणजे, काहीतरी चमचमतं घातलंय," लेस्टर म्हणाला. ऑरिनने तोंड फिरवलं आणि व्हर्ना बरी होईपर्यंत टीव्ही लावू दिला नाही. तेव्हापासून हे काम तिचंच. सगळे म्हणायचे, काय प्रेम आहे नवराबायकोचं! म्हणणाऱ्यांचं काय जातंय?

त्या मंगळवारी ओरेगनहून भाचीचा, पॅटीचा, फोन आला. व्हर्नाची धाकटी बहीण डेला कधीची अंथरुणाला खिळली होती.

"व्हर्नामावशी, आता तू ये गं," पॅटी म्हणाली. "डॉक्टर फार आशा देत नाहीत. आई अजून ओळखते. सकाळी डोळे उघडले की दाराकडे बघते आणि विचारते, व्हर्ना आली का? मी रोज काय सांगू?"

"येते," व्हर्ना म्हणाली. "येते म्हणून सांग तिला."

फोन ठेवून ती ऑरिनपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. ऑरिनने मान हलवली. "जा ना मग. मी कधी नको म्हटलंय? मी काय, बसेन."

"लेस्टर येऊन राहील. तुमच्या ऑडेट-मंडळातली ओपल जेवण आणून देईल."

"कशाला लोकांना त्रास? मी बसेन असाच. पाव असेल ना घरात?" त्याने पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. "किती दिवस लागतील ते तूही सांगू शकत नाहीस. जा तू. माझं काय."

तो ओरडला असता, दार अडवून उभा राहिला असता, तर व्हर्नाने त्याच दिवशी गाडी पकडली असती. पण हे असं आवाज खाली आणून जा म्हणणं! यातून बाई बाहेर पडणार कशी? राग आला तर आपणच वाईट. स्वयंपाकघरात जाऊन तिने धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

तेवढ्यात लेस्टर आला तोच नाचत. हरवली म्हणून सगळ्यांनी आशा सोडलेली ऑडेटची एक फिल्म प्रागच्या कुठल्याशा तळघरात सापडली होती आणि लेस्टरने तिची कॅसेट पैदा केली होती. "मी काल पाहिली. तुला काही सांगणार नाही, ऑरिन. तू आधी घे अनुभव. रविवारी मी आणि ओपल येतो, सगळे मिळून पाहू." ऑरिनने ती कॅसेट दोन्ही हातांत धरली. बाकीच्या सगळ्या फिल्म्स त्याला पाठ होत्या, व्हर्नाची जीभ जरा घसरली तर तो लगेच टोकायचा, "आधी हातमोजे, मग टोपी." ही एकच त्याने कधी पाहिली नव्हती.

लेस्टर निघून गेल्यावर "लाव," तो म्हणाला. "सावकाश सांग."

मधल्या पाट्या चेक भाषेत होत्या, त्या व्हर्नाच्या बापालाही वाचता आल्या नसत्या. पण गोष्ट कळत होती. ऑडेटचा नवरा मोठा जहाजवाला. घराच्या किल्ल्या सदा त्याच्या खिशात. तो हात उगारत नाही, घंटी वाजवतो. घंटी वाजली की ऑडेटने यायचं, उशी सरळ करायची, पडदा ओढायचा. शेवटी एक दिवस ती त्याच्या कोटातून किल्ली काढते, बॅग भरते आणि दार उघडते. उंबऱ्यात थांबते. पियानो थांबतो. आणि घंटी न वाजताच ती मागे वळते, बॅग खाली ठेवते आणि नवऱ्याच्या पायाशी बसून त्याचे बूट काढायला लागते.

व्हर्ना हे पाहत होती आणि ऑरिन पुढे वाकून विचारत होता, "मग? उंबऱ्यात आहे. मग?"

तिने तोंड उघडलं. "गेली," ती म्हणाली.

"गेली?"

"दाराबाहेर पडली. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. राखाडी लोकरीचा कोट, कॉलर उभी केलेली. आता स्टेशन आलं. गाडीत चढली. खिडकीशी बसली. संपली फिल्म."

ऑरिनने मांडीवर जोरात थाप मारली. "शाब्बास, पोरी! इतक्या फिल्म्स केल्या तिने, प्रत्येकीत शेवटी ओढून घरात आणतात तिला. अखेर सुटली!" त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. व्हर्नाला वाटलं, आता कळेल याला. आता हा माझ्याकडे वळेल.

तो म्हणाला, "शेवट पुन्हा लाव."

बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. पडद्यावर ऑडेट बूट काढायची आणि व्हर्ना तिला गाडीत बसवायची. कोटाची बटणं, हातातली बॅग, खिडकीबाहेरचा धूर, जे एकदा बोलली ते सगळं आता रोज तसंच सांगणं भाग होतं, कारण ऑरिनचं पाठांतर पक्कं. ज्या बाईला तिने सोडवलं, तिनेच तिला खुर्चीला बांधून घातलं. शुक्रवारी पॅटीचा फोन आला तेव्हा ऑरिनने हाक मारली, "व्हर्ना, पियानो थांबलाय, लवकर ये!" आणि तिला फोन ठेवावा लागला.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "त्या नवऱ्याचं पुढे काय झालं असेल रे?"

"त्याचं काय व्हायचंय?" ऑरिन हसला. "शिकला असेल स्वतःची अंडी तळायला."

"मग मी जाऊ का डेलाकडे?"

ऑरिनचं हसू विरलं. "ते वेगळं आहे. तो दुष्ट माणूस होता. मी तुला कधी कोंडून ठेवलंय का? सांग बरं."

व्हर्ना उठली आणि त्याच्या गुडघ्यांवरचं घसरलेलं पांघरूण नीट केलं.

रविवारी लेस्टर आणि ओपल फिंच आले. एके काळी ऑडेटच्या चाहत्यांच्या मंडळाला हॉल भाड्याने घ्यावा लागे. आता हे एवढेच उरले होते, आणि ओपलने आणलेली हिरवी जेली. कॅसेट लावली. व्हर्ना म्हणाली, आज डोकं दुखतंय, आज नुसतं पाहू या. "छे, मीच सांगतो," ऑरिन म्हणाला. त्याला तर आता तोंडपाठ होतं. पियानो थांबला तसा त्याने हात उंचावला. "आता बघा! किल्ली टेबलावर. कॉलर उभी. ही निघाली!"

पडद्यावर ऑडेट खाली बसत होती. ओपलने चमचा बशीत ठेवला.

"निघाली कुठे?" लेस्टर म्हणाला. "अरे, ती परत आत येते. त्याचे बूट काढते. कुणी सांगितलं तुला हे गाडीबिडीचं?"

"गप बस रे, लेस्टर," ओपल पुटपुटली.

"का गप बसू? फिल्म आहे ही! आपल्या मनाने बदलायची नसते!"

ऑरिनचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. "व्हर्ना?"

"हो," व्हर्ना म्हणाली. "ती परत येते."

मग ऑरिन म्हणाला, "आणखी काय काय बदललंस? बाकीच्या फिल्म्समध्ये? तो निळा झगा? तो जिन्यावरचा सीन?"

"काही नाही. बाकी सगळं खरं आहे."

"मला कसं कळणार?" त्याचा आवाज चिरकला. "मला आता कधीतरी कळणार आहे का? तू जे बोलशील तेच माझ्यापुढे. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे, व्हर्ना."

तिला त्याची दया आली. खरंच आली. पण त्या दयेमागे तिला आपल्या सगळ्या दुपारी एकापुढे एक उभ्या दिसल्या, आणि ओरेगनमध्ये दाराकडे लागलेले डोळे दिसले.

"मला तिला आत येताना बघवेना," ती म्हणाली. "रोज बघते मी बायकांना आत येताना. उद्या सकाळच्या गाडीने मी डेलाकडे जातेय. तुला विचारत नाही, सांगतेय. लेस्टर इथे झोपेल. सांगेल त्याला जमेल तसं."

"त्याला काही जमत नाही."

"मग शिकेल."

"माझी काही हरकत नाही हं," लेस्टर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

ऑरिनने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "जायचंय तर जा. पण आधी एकदा खरं सांग. शेवट. एकदाच."

व्हर्नाने कॅसेट मागे फिरवली. उभ्यानेच सांगितलं. काही वगळलं नाही. दार उघडलं, वारा आला, पडदा हलला. बॅग खाली ठेवली, जपून, आवाज होऊ न देता. गुडघे टेकले. झगा साध्या सुती कापडाचा, कोपरावर विरलेला. डाव्या बुटाची नाडी सोडते. आता उजव्या.

"आणि तिचा चेहरा?" ऑरिनने विचारलं.

"दिसत नाही. पाठ आहे आपल्याकडे. शेवटपर्यंत पाठच आहे."

"म्हणजे रडते की हसते, कुणालाच कळत नाही."

"मला कळतं," व्हर्ना म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

बाहेर ओपल बशा गोळा करत होती. व्हर्नाने कपाट उघडलं, दोन झगे, सपाता, डेलाला आवडणारी लव्हेंडरची पुडी बॅगेत टाकली. हँगरवरून कोट काढला तशी हँगरची खडखड झाली.

"व्हर्ना," ऑरिनने खुर्चीतून हाक मारली. थोडा थांबला. "कोणता कोट घालून जाणार आहेस?"

तिने कोट हातात धरला, दारातून त्याच्याकडे पाहिलं. तोंडाशी शब्द आलेच होते: रंग, कापड, बटणं. तिने ते गिळले आणि बॅगेची चेन ओढली.