पुस्तकातलं गाव

सिद्धेश्वरला मी त्याच्याच माडीवर, त्याच्याच सतरंजीवर बसून झापलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. आधीच सांगते, कारण तो आता कळंबभर सांगत सुटलाय की श्रावस्तीला राग आवरत नाही. व्हय, नाही आवरत. का आवरावा?

आमचा खेळ साधा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणाचा डाव साधला की फसला ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणारी मी. चार वर्षं, दर रविवारी दुपारी, सिद्धेश्वरच्या वडिलांच्या आडतीवरच्या माडीत. खाली तुरीची पोती, वर आम्ही चौघं. राजपाल एसटीत कंडक्टर; आठवडाभर लोकांची बोलणी खातो आणि रविवारी तलवार घेऊन फिरतो. झरीन औषधाच्या दुकानात असते, खेळात चेटकीण. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. त्या तीन-चार तासांवर मी अख्खा आठवडा काढते, खोटं कशाला बोलू?

आजवर गोष्टी मीच रचायची. पण दिवाळीत सिद्धेश्वरनं पुण्याहून छापील मोहीम आणली. अशी पुस्तकं मिळतात: गाव, नकाशे, राक्षस, इनाम, सगळं तयार; सांगणाऱ्यानं खेळवत न्यायचं. "आता जरा पद्धतशीर खेळू," म्हणाला. म्हणजे चार वर्षं मी काय भातुकली मांडली होती? लई झोंबलं. पण पुस्तक जाडजूड होतं, चित्रं सुंदर होती, आणि तयार मोहीम वापरण्यात कमीपणा कसला? शाळेची पुस्तकं तरी मी कुठं लिहिते? म्हटलं, चालेल.

फक्त ते मराठीत सांगायचं, कारण इंग्रजी आलं की राजपालचं तोंड बंद होतं. मग मी रोज सकाळी शिकवणीआधी थोडं थोडं वहीत उतरवायला लागले. तिसऱ्या भागाला आले आणि हात थांबला.

पुस्तकातलं गाव तटाच्या आत. तटाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला, एक वस्ती. तिथली जमात जन्मतःच घाणेरडी, जन्मतःच दुष्ट. त्यांनी हात लावला की विहिरीचं पाणी नासतं. खेळाडूंनी जायचं, वस्ती जाळायची आणि गावच्या प्रमुखाकडून इनाम घ्यायचं. इंग्रजीत वाचताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं, बघा. हिरव्या कातडीचे, सुळेवाले. म्हटलं, असतील राक्षस. मराठीत 'वेशीबाहेर' लिहिलं आणि अंगावर काटा आला. माझं आजोळ परंड्याकडं, वेशीबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. राजपालच्या गावातही तेच. छप्पन साली पणजोबांनी धर्म बदलला. घराची जागा तेवढी बदलली नाही. लिहिणाऱ्या बिचाऱ्याला परंडा कुठं ते ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे ना!

म्हणून मी बदललं. वस्ती ठेवली, विहीर ठेवली, पाणी कोण नासवतंय तेवढं बदललं. तो गावचा प्रमुखच निघणार होता. सांगणाऱ्यानं हवं ते बदलावं, असं त्या पुस्तकातच सुरुवातीला लिहिलंय.

रविवारी डाव मस्त रंगला. राजपाल वस्तीतल्या म्हातारीशी बोलत होता, झरीन विहिरीत डोकावत होती. तेवढ्यात सिद्धेश्वरनं मिठाचा खडा टाकला. "हे असं नाहीये. ही लोकं वाईट आहेत. मी वाचलंय."

"तू वाचलंस? खेळणाऱ्यानं मोहीम आधी वाचायची नसते, एवढी तरी अक्कल आहे का तुला?"

"पुस्तक माझं आहे."

"मग हळद-कुंकू वाहून पूज की त्याला!"

"श्रावस्ती, तू प्रत्येक गोष्टीत तुमचं ते आणतेस. राक्षस आहेत ते. पुस्तकात आहे तसं खेळव, नाहीतर..." पुढचं त्यानं गिळलं. पण माडी कुणाची, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आमचं ते म्हणजे काय रे? तोंडानं बोल की! चार वर्षं माझ्या डब्यातले धपाटे हाणताना आठवलं नाही व्हय ते?" मी पुस्तक त्याच्या मांडीवर आदळलं. "घे. आजपासून तू सांग. तो उतारा वाच. मराठीत. राजपालच्या तोंडाकडं बघून वाच."

मला वाटलं, अडखळेल. वाचता वाचता त्याच्याच कानाला टोचेल आणि गप होईल. भांडण जिंकायची हौस नव्हती हो मला, रविवार वाचवायचा होता.

अडखळला नाही. ओढा, वस्ती, जन्मतःच घाणेरडी, विहीर, पाढे म्हटल्यासारखं घडाघडा सगळं मराठीत सांगितलं त्यानं. आणि वर बघून म्हणाला, "गावकरी मशाली घेऊन निघालेत. तुम्ही काय करता?"

राजपाल सतरंजीवर सरसावून बसला. मग म्हणाला, "म्या वस्तीत जातो. पहिल्या घराच्या दारात उभा राहतो."

"मी पण," झरीन म्हणाली. "आणा म्हणावं मशाली. बघतेच एकेकाला."

"आता सांगणारी मी नाही ना? मग मी पण खेळते," मी म्हटलं. "मी म्हातारीला आत घेते आणि दाराशी बसते."

सिद्धेश्वरनं पानं चाळली. मागं, पुढं, परत मागं. खेळाडू वस्तीच्या बाजूनं उभे राहिले तर काय, हे त्यात कुठंच नव्हतं. मला वाटलं, आता तरी हसेल, जाऊ दे म्हणेल, चहा सांगेल. वेड्यासारखी मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "मग गाव तुमच्यावर चालून येतं," तो म्हणाला. पुस्तकात नसताना, स्वतःच्या मनानं. आणि आम्हा तिघांवर फासा टाकला.

किती पडले ते बघायला आम्ही थांबलो नाही.