क्रियापदाचा काळ

भय्यासाहेबांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि लाल पेन्सिलीनं पुढच्या ओळीतल्या ‘सहायता’वर काट मारली.

“‘मदत’ लिही. सहायता रेल्वेच्या खिडकीवर मिळते.”

मनीषानं मुकाट्यानं ‘मदत’ लिहिलं. अर्ध्या तासात येते असं नवऱ्याला सांगून ती विजय नगरहून स्कूटीवर महाराजपुरात आपल्या मोठ्या दिरांकडे आली होती. तास होऊन गेला होता आणि दोघं अजून पहिल्याच पानावर होती.

मागच्या शनिवार-रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक प्रशिक्षण झालं होतं. मनानं कोलमडलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत पोचवेस्तोवर घरच्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कसं सांभाळायचं, याचं. शिकवायला रुचिराजी नावाच्या समुपदेशक आल्या होत्या आणि बोलणं सगळं हिंदीत होतं. आडून आडून नाही, सरळ विचारायचं. विचारून झालं की गप्प बसायचं. आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. यातलं गप्प बसणं मनीषाला भारी अवघड गेलं. विचारणं मात्र सोपं गेलं. सरावाला तिच्या वाट्याला बँकेतून रिटायर झालेले मोहनजी आले होते. “क्या आपके मन में जान देने का ख़याल आता है?” असं तिनं त्यांना चार वेळा विचारलं, आणि मोहनजींनी चारही वेळा हसू दाबत “जी, आता है” म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मंडळानं ठरवलं, पत्रक मराठीत हवं. आपली माणसं बाजारात, ऑफिसात हिंदी बोलतात, पण रडतात मराठीत. हे काम मनीषाकडे आलं, कारण नावं ठरत होती तेव्हा ती चहा बघायला आत गेली होती.

तिचं मराठी बोलायचं, लिहायचं नव्हे. म्हणून ती भय्यासाहेबांकडे आली. मंडळाची स्मरणिका अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेली होती. दिवसभर फॅक्टरीत तोफांचे सुटे भाग तपासायचे आणि घरी येऊन लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ, असा त्यांचा जन्म गेला. त्यांची बायको, शरयूवहिनी, जाऊन चौदा महिने झाले होते, मुलगा वेदांग बंगळूरला होता, आणि भय्यासाहेबांनी स्वतःला किती छान सावरलं, हे नात्यातला प्रत्येक जण म्हणत होता. मनीषाही म्हणत होती. घर लख्ख होतं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक भांडं पालथं घातलेलं होतं.

“हे काय, ‘जगणं नकोसं वाटतं का’?” ते म्हणाले. “नकोसं मला कारलंही वाटतं.”

मनीषानं ते खोडलं. त्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘काही वेडंवाकडं करावंसं वाटतं का?’ त्याच्याभोवती भय्यासाहेबांनी नुसतंच गोल केलं.

“रुचिराजी म्हणाल्या, सरळ विचारा,” ती म्हणाली. “पण मराठीत ते तोंडातून निघूनच नाही राहिलं, भय्यासाहेब. हिंदीत कसं धडाधड बोलले मी.”

“निघत नाही,” ते म्हणाले. “‘निघून नाही राहिलं’ नव्हे.”

“तेच ते.”

शेवटी तिनं कागद उलटा केला. मागच्या बाजूला, कुणी बघू नये अशा बारीक अक्षरात, तिसरं वाक्य होतं. तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?

भय्यासाहेबांची पेन्सिल त्यावर बराच वेळ अधांतरी राहिली. दारावरून भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांनी फक्त ‘येतो’ खोडलं आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, ‘येऊन गेला’.

“काळ चुकलाय,” ते म्हणाले. “‘येतो का’ विचारलंस तर माणूस सरळ नाही म्हणेल. आणि ते खोटं नसेल. तो काय मुक्कामाला येतो? दुपारी तीन-साडेतीनला येतो. भांडी झालेली असतात, पेपर वाचून झालेला असतो, संध्याकाळ लांब असते. बसतो जरा वेळ आणि जातो. पाच वाजता विचारलंस तर माणूस काय सांगणार? म्हणून, ‘येऊन गेला का’.”

“हे बरोबर आहे तुमचं,” मनीषा म्हणाली. वाक्य आता तिलाही आवडलं. ते पुन्हा नीट उतरवून घेऊन ती पुढच्या ओळीवर गेली. “‘त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.’”

“व्यक्ती काढ. माणूस कर.”

तिनं ‘माणसाला’ लिहायला घेतलं. ‘ला’पाशी पेन थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. भय्यासाहेब पेन्सिलीचा भुगा तळहातानं एका जागी गोळा करत होते.

मनीषानं पेनाला टोपण लावलं.

“भय्यासाहेब, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येऊन गेला का?”

“हं,” ते म्हणाले. “आता वाक्य सरळ आहे.”

“मी वाचून नाही दाखवलं.”

त्यांनी वर बघितलं. कागद टेबलावर होता आणि तिचे दोन्ही हात मांडीवर.

एरवी तिनं एवढ्यात वेदांगचं नाव घेतलं असतं, वहिनींची आठवण काढली असती, तुमच्यासारख्यानं असं बोलू नये असंही म्हटलं असतं. सगळं जिभेवर आलं होतं. तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि टेबलक्लॉथवरची फुलं बघत राहिली.

भय्यासाहेबांनी कागदांच्या कडा जुळवल्या. पुन्हा विस्कटल्या. पुन्हा जुळवल्या.

“दोनदा,” ते म्हणाले. “एकदा दिवाळीनंतर. आणि मंगळवारी.”

आज गुरुवार होता.

मनीषानं फोन काढला. रुचिराजींनी सांगून ठेवलं होतं, कधीही लावा. त्यांनी दुसऱ्याच घंटीला उचलला. मनीषानं थोडक्यात सांगितलं आणि फोन भय्यासाहेबांपुढे धरला, तर ते खुर्चीतच मागे सरकले.

“हिंदीत मी उभ्या जन्मात कामाचंच बोललो,” ते म्हणाले. “हे मला हिंदीत येत नाही.”

“तर मला सांगा. मी त्यांना सांगते.”

तिनं फोनचा स्पीकर लावून तो दोघांच्या मधे ठेवला. रुचिराजींचा आवाज शांत होता, घाई नसलेला. पहिलं त्यांनी एवढंच विचारलं, “उनसे पूछिए, अभी, इस वक़्त भी वो ख़याल है?”

मनीषानं ते मराठीत विचारलं. भय्यासाहेबांनी विचार केला. खरोखरच केला, एखादा शब्द बरोबर आहे का हे बघताना करत तसा.

“आत्ता नाही,” ते म्हणाले. “आत्ता तू बसली आहेस.”

“अभी नहीं है,” मनीषा फोनकडे वळून म्हणाली.

“और कुछ कहा उन्होंने?”

‘आत्ता तू बसली आहेस’ हे वाक्य साधं होतं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. ते हिंदीत सांगायला मनीषानं तीन वेळा तोंड उघडलं.